टिळक नसताना : ‘स्मृतिचित्रे’ आणि सहवासातून आलेला आनंद

 

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की हे तर चर्चमधल्या प्रवचनाचं काम, तत्त्वज्ञानाच्या माणसाने त्यात कशाला पडावं? तर आधीच सांगतो, मी प्रवचन करणार नाही. मी एक पुस्तक वाचणार आहे. बहुतेकांच्या घरी ते असेल. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेलं हे आत्मचरित्र आपण विनोदासाठी वाचतो, भाषेसाठी वाचतो, त्या काळच्या घरगुती चित्रांसाठी वाचतो. मला आज ते एका प्रश्नासाठी वाचायचं आहे. एखाद्या माणसाच्या सहवासातून दुसऱ्याला ख्रिस्ताचा आनंद मिळाला, असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय घडलेलं असतं? आनंद त्या माणसाचा असतो की ख्रिस्ताचा? आणि तो माणूस निघून गेला तर?

हा प्रश्न जुना आहे. नव्या करारात पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेलं एक पत्र आहे. फिलिप्पै हे मासेदोनियातलं गाव, रोमन वसाहत. तिथली मंडळी पौलाच्या विशेष जिव्हाळ्याची. पौल हे पत्र तुरुंगातून लिहितो आहे. पहिल्या अध्यायात तो मोठ्या पेचात सापडलेला दिसतो. मरून ख्रिस्ताजवळ जावं अशी त्याची ओढ आहे, पण या लोकांसाठी देहात राहणं अधिक गरजेचं आहे, असंही त्याला वाटतं. का? तर आपण पुन्हा त्यांच्यात गेलो म्हणजे त्यांची प्रगती होईल, विश्वासातला आनंद वाढेल. इथे सहवासाला मोठं मोल दिलेलं आहे. पण पुढच्याच अध्यायात तो सांगतो की मी समोर असताना जसे आज्ञेत राहिलात तसे, आणि मी नसताना तर त्याहून अधिक, आपल्या तारणाचं काम चालवा. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात पुढारी म्हणतो, मी येतो, तुमचा आनंद वाढेल. दुसऱ्यात म्हणतो, खरी परीक्षा मी नसताना आहे. आज आपल्याला ‘स्मृतिचित्रे’ याच कसोटीवर वाचायचं आहे.

आता पुस्तकाकडे येऊ. या पुस्तकाची इंग्रजीत भाषांतरं झाली. १९५०मधल्या जोसेफीन इंकस्टर यांच्या भाषांतराचं नाव आहे ‘आय फॉलो आफ्टर’, म्हणजे ‘मी मागून चालते आहे’. २०१७मध्ये शांता गोखले यांचं भाषांतर आलं, त्याच्या उपशीर्षकात लक्ष्मीबाई एक ‘स्पिरिटेड वाइफ’ आहेत, म्हणजे तेजस्वी, बाणेदार बायको. बघा, एकाच पुस्तकाची ही दोन वाचनं आहेत. एक म्हणतं, नवरा पुढे गेला, बायको भक्तिभावाने मागून गेली. दुसरं म्हणतं, ही बाई कोणाच्या मागे जाणारी नव्हतीच. मराठी वाचकही याच दोन गटांत वाटला गेला आहे. ख्रिस्ती वाचकाला ही एका संतपुरुषाच्या पत्नीची साक्ष वाटते. बाकीच्यांना ती एका धीट बाईची कहाणी वाटते आणि धर्माचा भाग ते जरा भरभर उलटतात. माझं म्हणणं असं, की दोन्ही वाचनांत पुस्तकाचा गाभा हातातून सुटतो. लक्ष्मीबाई मागून गेल्या हे खरं, पण त्या टिळकांपाशी जाऊन थांबल्या नाहीत. आणि त्या थांबल्या नाहीत याचं काही श्रेय टिळकांनाही द्यावं लागतं.

थोडक्यात हकिगत सांगतो, तरुण श्रोत्यांसाठी. नारायण वामन टिळक, फुलामुलांचे कवी म्हणून आपण शाळेत वाचलेले. १८९३च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपियन सहप्रवासी भेटला. गप्पा झाल्या. त्याने नव्या कराराची प्रत हाती दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. तो कोण, कुठला, हे टिळकांना ठाऊक नव्हतं. डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत पोहोचल्यावर टिळकांना ते पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे टिळकांच्या वाट्याला आलेला पुढारी कसा, तर काही तासांचा. पुस्तक देऊन उतरून गेलेला. त्याचा फोटो नाही, संप्रदाय नाही, टिळकांवर हक्क सांगायला तो परत आला नाही. मला ही गोष्ट अर्थपूर्ण वाटते. डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्द याचं १८४४मधलं एक छोटं पुस्तक आहे, ‘फिलॉसॉफिकल फ्रॅगमेंट्स’. त्यात तो सॉक्रेटिसच्या तऱ्हेच्या शिक्षकाबद्दल म्हणतो की असा शिक्षक हा केवळ प्रसंग असतो, आपल्या भाषेत निमित्त. ख्रिस्ताच्या बाबतीत मात्र शिक्षक स्वतःच सत्य घेऊन येतो, असं तो मांडतो. यातून एक गोष्ट ओघाने येते. ख्रिस्त सोडून बाकीचा कोणीही, मग तो कितीही मोठा पाळक असो, निमित्ताच्या पलीकडे जाऊ शकत नाही. गेला, तर तो दुसऱ्याच्या जागेवर बसला.

पण लक्ष्मीबाईंना काय मिळालं? त्यांना निमित्त मिळालं नाही, घाव मिळाला. हे स्पष्ट म्हणायला पाहिजे. नवऱ्याने धर्म बदलला, निर्णय त्याचा, किंमत दोघांची. उलट तिचीच जास्त. ब्राह्मण घरातली, पदरी लहान मुलगा, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, आणि आजूबाजूला सहानुभूती दाखवणाऱ्यांचे टोमणे. काही काळ त्यांचा मुक्काम बहिणीच्या घरी पंढरपुरात होता, आपल्या सोलापूर जिल्ह्यात. विठ्ठलाच्या गावात राहून त्या ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याची वाट बघत होत्या, आणि त्याच्यावर चिडतही होत्या. आजच्या भाषेत जे प्रश्न आपण विचारू, की बायकोला विश्वासात का घेतलं नाही, तिच्या आयुष्याचा निर्णय एकट्याने का घेतला, ते सगळे प्रश्न रास्त आहेत. पुस्तक त्यांची उत्तरं देऊन टिळकांना सोडवत नाही. टिळकांचा राग, विसराळूपणा, घरात आलेला पैसा भलत्याच गरजवंताला देऊन मोकळं होणं, सगळं पानापानांवर आहे.

तरीही एक गोष्ट पाहा. ब्रिटिश सरकारचा १८६६ सालचा एक कायदा होता, धर्मांतरित हिंदुस्थानी लोकांच्या विवाहविच्छेदाचा. एखादी व्यक्ती ख्रिस्ती झाली आणि त्या कारणाने तिच्या जोडीदाराने सोबत राहायला नकार दिला, तर कोर्टात जाऊन विवाह मोडून घेण्याची सोय त्यात होती. मग पुन्हा लग्न करायला मोकळीक. टिळकांनी तो रस्ता धरला नाही. ते थांबले. पत्रं लिहीत राहिले, भेटायला येत राहिले. काही वर्षांनी लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्याजवळ राहायला गेल्या, तेव्हाही सोवळं-ओवळं सांभाळूनच. ख्रिस्ती नवऱ्याच्या संसारात बायकोचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं! नगरच्या मिशनमध्ये काम करणाऱ्या माणसाला हे अवघडच गेलं असणार. लोक विचारणार, जगाला शुभवर्तमान सांगतोस आणि घरात काय? पण त्यांनी तिला ढकललं नाही.

माझ्या मते हाच या पुस्तकातला टिळकांच्या सहवासाचा खरा अर्थ. त्यांचं वक्तृत्व मोठं होतं, कीर्तनं रंगायची, कविता तर होतीच. पण लक्ष्मीबाईंवर परिणाम झाला तो या थांबण्याचा. थांबणारा माणूस समोरच्याला जागा देतो. फ्रेंच तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल याने ‘सान्निध्य’ या कल्पनेवर बरंच लिहिलं आहे. त्याच्या मते नुसतं शेजारी असणं म्हणजे सान्निध्य नव्हे. एकाच खोलीत बसलेला माणूसही आपल्यापाशी नसू शकतो. जो दुसऱ्यासाठी उपलब्ध असतो, तोच हजर असतो. या अर्थाने ताटातुटीच्या वर्षांतले टिळक शेजारच्या खोलीतल्या पुष्कळ नवऱ्यांपेक्षा जास्त हजर होते, असं म्हणता येईल. घाव त्यांनीच केला होता, हे मात्र तेवढ्याने पुसलं जात नाही.

आता परिवर्तनाचा क्रम लक्षात घ्या, कारण तो फार बोलका आहे. लक्ष्मीबाईंचा आधी जातिभेद सुटला, बाप्तिस्मा नंतर झाला, १९०० साली. जात कोणी केली, देवाने की माणसाने, याचा विचार त्यांनी स्वतःशी केला, आणि माणसाने केली असं ठरल्यावर ती सोडून दिली. हे महत्त्वाचं का? तर लक्ष्मीबाईंच्या लहानपणीचं घर आठवा. वडिलांना सोवळ्याचं असं वेड की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. त्या घराचे, वडिलांच्या त्या धाकाचे प्रसंग त्यांनी किती हसत-हसवत सांगितले आहेत, पण हसू बाजूला केलं तर खाली भीती आहे. सगळीकडे विटाळ, सगळीकडे धोका. अशा भीतीतून बाहेर आलेल्या माणसाचा आनंद कसा असेल? तो कोणाचंही पाणी प्यायला मोकळा होतो. पुढे अनाथ मुलं घरात आली, प्लेगच्या दिवसांत रोग्यांची सेवा झाली. ख्रिस्तातला आनंद म्हणजे काय, याची व्याख्या लक्ष्मीबाई कुठे देत बसत नाहीत. ती त्यांच्या हातांनी दिली आहे. ज्या हातांना शिवायची भीती घातली होती, ते हात शिवू लागले.

इथे मराठी परंपरेतलं एक उदाहरण शेजारी ठेवू. संत बहिणाबाई, तुकोबांच्या समकालीन. कोल्हापुरात असताना त्यांना तुकोबांचा स्वप्नात उपदेश झाला, प्रत्यक्ष भेटीच्या आधी. नवऱ्याचा कडवा विरोध, मारहाणसुद्धा. पुढे नवराच निवळला आणि ती दोघं देहूला गेली. तिथे गुरू दूर आणि नवरा आडवा. लक्ष्मीबाईंच्या गोष्टीत नवरा हाच पुढे गेलेला. वरवर पाहता लक्ष्मीबाईंचं सोपं वाटतं. माझ्या मते ते जास्त अवघड आहे. गुरू दूर असेल तर त्याचे दोष दिसत नाहीत. इथे गुरू घरात जेवतो, चिडतो, पैसे उधळतो. अशा माणसातून ख्रिस्त दिसायचा तर दोन गोष्टी लागतात. एक, त्या माणसाने स्वतःला ख्रिस्त समजू नये. दोन, पाहणाऱ्याला हसता यावं.

म्हणून विनोद हा या पुस्तकाचा बाह्य अलंकार नाही, तो त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. लक्ष्मीबाई नवऱ्याला पुस्तकभर ‘टिळक’ म्हणतात. त्या काळची बायको नवऱ्याचं नाव घेणं टाळायची, आणि ही बाई आडनावाने त्याला आपल्या गोष्टीतलं एक पात्र करून टाकते. प्रेम आहे, आदर आहे, पण देव्हाऱ्यात बसवलेलं नाही. ज्याला आपण हसू शकतो त्याचे आपण गुलाम नसतो. मी तर म्हणेन, एखाद्या धर्मगुरूभोवतीचं वातावरण निरोगी आहे की नाही हे ओळखायचं असेल तर तिथे त्याच्यावर प्रेमाने हसायची मुभा आहे का, ते बघा. नसेल, तर जे चेहऱ्यांवर दिसतं त्याला आनंद म्हणायची घाई करू नका.

टिळकांच्या सहवासाची आणखी एक साक्ष घराबाहेरची आहे. १९०७मध्ये जळगावला पहिलं कविसंमेलन भरलं. तिथे ठोंबरे नावाचा एक कोवळा मुलगा पुढे आला, तो आपला बालकवी. नंतर तो नगरला टिळकांच्या घरी राहिला, लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं वाढवलं. त्याचा बाप्तिस्मा झाला नाही. टिळकांच्या घरातलं प्रेम ही धर्मांतराची आगाऊ रक्कम नव्हती. पुढे १९१७मध्ये टिळकांनी मिशनचं काम सोडलं आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा होती. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. ज्याला पूल माहीत आहे त्याला हेही माहीत असतं की पुलावर घर बांधायचं नसतं.

आता उलट बाजूचं एक उदाहरण बघू, नाहीतर माझं म्हणणं एकांगी होईल. पंडिता रमाबाई. १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी नीळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोरे यांच्या विवेचनाचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला होता. गोरे म्हणजे षड्दर्शनांचा पंडित, प्रामाणिक, व्रतस्थ, पण स्वभावाने शंकांनी पोळलेला माणूस. त्यांचा युक्तिवाद रमाबाईंना पटला. पण नंतर आपल्या साक्षीत रमाबाईंनी लिहिलं आहे की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला तो पुढे काही वर्षांनी. म्हणजे पुढारी बुद्धीला दारापर्यंत नेऊ शकतो, आनंद आतला असतो आणि त्याचं वेळापत्रक वेगळं असतं. यातून कोणी म्हणेल, मग सहवास हवाच कशाला? रमाबाईंना तर एकटीलाच सापडला. पण त्याच रमाबाईंनी केडगावला मुक्तिसदन उभं केलं, शेकडो परित्यक्ता, विधवा, दुष्काळात सापडलेल्या मुली तिथे आल्या. एकटीला सापडलेला आनंदही शेवटी दुसऱ्यांसाठी सहवास होऊनच उभा राहिला. सहवासाशिवाय चालत नाही. प्रश्न फक्त एवढाच, की सहवास हे दार आहे की भिंत.

आणि आता पौलाची दुसरी कसोटी. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. ‘दरबार’ त्यांच्यामागे फार टिकला नाही. हा टिळकांच्या कामातला उणा भाग म्हणायला हवा. संस्था त्यांच्या व्यक्तिमत्त्वाच्या उबेवर उभी होती, ऊब गेली आणि ती विरली. सहवासावर बांधलेल्या सगळ्याच गोष्टींचा हा धोका असतो. अक्कलकोट, शिर्डी, जगातली मोठमोठी चर्चेस, कुठेही बघा, पुरुष गेल्यावर मागच्यांपुढे प्रश्न उभा राहतो. काही त्याच्या आठवणीची पूजा करतात, काही विखुरतात.

पण लक्ष्मीबाई विखुरल्या नाहीत, आणि त्यांनी आठवणीची पूजाही मांडली नाही. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र लिहायला घेतलं होतं, सुरुवातीचे अध्याय लिहून ते गेले. लक्ष्मीबाईंचं औपचारिक शिक्षण जवळजवळ नव्हतं. बाराखडीसुद्धा त्यांना टिळकांनी शिकवली होती. त्या बाईने ते काव्य पुढे चालवलं. पुढचे बहुतेक अध्याय त्यांचे आहेत. १९३६मध्ये त्या वारल्या, मुलगा देवदत्त यांनी काम पुरं केलं, आणि १९३८ साली ‘ख्रिस्तायन’ प्रसिद्ध झालं. विधवा बायकोने नवऱ्याचं चरित्र लिहिणं, त्याला मोठं करणं, हे स्वाभाविक झालं असतं. त्यांनी ओव्या लिहिल्या त्या ख्रिस्तावर. आणि नवऱ्याबद्दल जे लिहिलं त्यात त्याला माणूसच ठेवलं. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली की माझा मुद्दा पुरा होतो. ‘ख्रिस्तायन’ सांगतं की आनंद कोणाचा होता, ‘स्मृतिचित्रे’ सांगतं की तो कोणाच्या हातून आला. लक्ष्मीबाईंनी या दोघांची गल्लत होऊ दिली नाही.

एक उणीवही नोंदवतो, कारण ही समीक्षा आहे, गौरव समारंभ नाही. ‘स्मृतिचित्रे’मध्ये आतलं फार कमी सांगितलं आहे. प्रार्थनेत काय होत होतं, शंका आल्या का, टिळक गेल्यावर रात्री कशा गेल्या, हे वाचकाने ओळखायचं. घटना भरपूर, आत्मपरीक्षण तुरळक. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे अपुरं वाटतं. ऑगस्टिनचं आत्मनिवेदन वाचून आलेल्या माणसाला तर नक्कीच वाटेल. पण मला असंही वाटतं की आनंदाबद्दल फार बोललं की तो पातळ होतो. घरात सुख असलं की माणसं सुखावर बोलत नाहीत, भाजी काय आणायची त्यावर बोलतात. या पुस्तकाचा सूर तसा आहे.

आजच्या काळात हे का वाचायचं? कारण आज पुढाऱ्यांचा सहवास स्वस्त झाला आहे. मोबाइल उघडला की बाबा, महाराज, पास्टर, मोटिव्हेशनवाले, सगळे हजर. हजारोंच्या सभा, मोठे पडदे, गाणी, अश्रू. त्या क्षणाचा आनंद खोटाच असतो असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायचा मला अधिकार नाही. मी फक्त विचारतो, सभा संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या माणसाचा आवाज कानात नसताना, तुमच्या हातून काय घडलं? ज्याला शिवत नव्हता त्याला शिवलात का? ज्याच्यासाठी थांबायला पाहिजे होतं त्याच्यासाठी थांबलात का? पुढाऱ्यानेही स्वतःला विचारावं, की मी नसताना यांचं काय होईल. हा प्रश्न ज्याला झोंबतो, त्याच्या सहवासात सावध राहावं.

इथून पंढरपूर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. आषाढीला वाट दाखवणारे पुष्कळ भेटतात, पाणी देणारे भेटतात, पाय दाबून देणारेही भेटतात. वारकरी सगळ्यांच्या पाया पडतो आणि पुढे चालू लागतो. लक्ष्मीबाई तशा चालल्या, वेगळ्या वाटेने, वेगळ्या देवाकडे.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर जरूर विचारा, मतभेद असतील तर आधी ते मांडा.